पॉइंटर आणि कॉन्स्ट: बंदी नेमकी कशावर?

सी शिकणाऱ्याला पॉइंटर जरा कुठे कळायला लागतो, तोच या चार ओळी समोर येतात:

```
इंट *पी;
कॉन्स्ट इंट *पी;
इंट *कॉन्स्ट पी;
कॉन्स्ट इंट *कॉन्स्ट पी;
```

डिप्लोमा असो, बीसीए असो की इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, व्हायव्हात यांतला फरक हमखास विचारतात आणि बरीच मुलं तो घोकून जातात. घोकंपट्टीवर व्हायव्हा निघतो. पण पुढे टाइपडेफ आला, स्ट्रक्ट आला, पॉइंटरचा पॉइंटर आला की घोकलेलं कामाला येत नाही. खरं तर इथे घोकण्यासारखं काही नाहीच. पॉइंटर म्हटला की मेमरीत दोन जागा आल्या, आणि कॉन्स्ट, म्हणजे ‘इथे बदल करायचा नाही’ असं सांगणारा शब्द, दर वेळी त्यांतल्या एखाद्याच जागेबद्दल बोलतो. कोणत्या जागेबद्दल आणि कुणाच्या हातून, एवढं ओळखता आलं की पुढचं सगळं आपसूक सुटतं.

या लेखातला कोडही देवनागरीत लिहिला आहे. कंपायलरला देताना कीवर्ड आणि फंक्शनची नावं नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने आणि आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा. व्हेरिएबलची नावं तुमच्या सोयीची ठेवा.

पहिली पायरी: दोन जागा वेगळ्या बघा

```
इंट गुण = ६२;
इंट *पी = &गुण;
```

`गुण` ही एक जागा. तिच्यात ६२ आहे. `पी` ही दुसरी जागा. तिच्यात `गुण`चा पत्ता आहे. आजच्या ६४ बिटच्या संगणकावर `गुण` सहसा ४ बाइटची असते आणि `पी` ८ बाइटची. म्हणजे बदल करायचे प्रकारही दोन झाले. `*पी = ८०` म्हटलं की पत्त्यावर जाऊन तिथला आकडा बदलतो. `पी = &दुसरे` म्हटलं की `पी`मधला पत्ताच बदलतो आणि `गुण`ला धक्काही लागत नाही.

बदल दोन प्रकारचे, म्हणून बंदीही दोन प्रकारची, आणि दोन्ही बंद-चालू करायच्या रीती चार. वरच्या चार ओळी म्हणजे याच चार रीती.

दुसरी पायरी: स्टारकडे बघा

डिक्लरेशनमध्ये स्टार कुठे आहे ते शोधा. कॉन्स्ट स्टारच्या डावीकडे असेल तर बंदी पत्त्यावरच्या मालावर, म्हणजे `*पी = ...` चालणार नाही. कॉन्स्ट स्टारच्या उजवीकडे, नावाला चिकटून असेल तर बंदी पॉइंटरवर, म्हणजे `पी = ...` चालणार नाही. दोन्हीकडे असेल तर दोन्ही बंद.

`कॉन्स्ट इंट *पी` आणि `इंट कॉन्स्ट *पी` यांत काडीचाही फरक नाही, कारण दोन्हींत कॉन्स्ट स्टारच्या डावीकडेच आहे. नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. कॉन्स्ट `इंट`च्या आधी की नंतर, याने काही बिघडत नाही. स्टारच्या अलीकडे की पलीकडे, याने सगळं बदलतं.

मोठं डिक्लरेशन असेल तर नावापासून सुरुवात करा आणि उजवीकडून डावीकडे वाचत जा. `इंट *कॉन्स्ट पी`: पी हा कॉन्स्ट आहे, तो पॉइंटर आहे, इंटकडे बोट दाखवणारा. `कॉन्स्ट इंट *पी`: पी हा पॉइंटर आहे, कॉन्स्ट इंटकडे बोट दाखवणारा. काही जण मुद्दाम सगळीकडे `इंट कॉन्स्ट *` असंच लिहितात, कारण मग कॉन्स्ट नेहमी आपल्या लगेच डावीकडच्या गोष्टीला लागतो आणि उजवीकडून वाचणं कुठेही अडत नाही. मला ही सवय पटते. पण बहुतेक कोडमध्ये तुम्हाला `कॉन्स्ट इंट *` हेच दिसेल, तेव्हा दोन्ही वाचता यायला हवं.

तिसरी पायरी: कंपायलरला बोलू द्या

वाचून सोडून देऊ नका. हा प्रोग्राम टाइप करा आणि जीसीसी या कंपायलरला द्या.

```
इंट मेन(व्हॉइड)
{
    इंट गुण = ६२, दुसरे = ७१;
    कॉन्स्ट इंट *पी = &गुण;
    इंट *कॉन्स्ट क्यू = &गुण;

    पी = &दुसरे;
    *पी = ८०;
    *क्यू = ८०;
    क्यू = &दुसरे;
    रिटर्न ०;
}
```

चारपैकी दोन ओळींवर एरर येते. `*पी = ८०` वर जीसीसी म्हणतो, ‘असाइनमेंट ऑफ रीड-ओन्ली लोकेशन’. `क्यू = &दुसरे` वर म्हणतो, ‘असाइनमेंट ऑफ रीड-ओन्ली व्हेरिएबल’. हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. लोकेशन म्हणाला तर तुम्ही पत्त्यावरचा माल बदलायला गेलात. व्हेरिएबल म्हणाला तर पॉइंटरच बदलायला गेलात. फंक्शनचा पॅरामीटर असेल तर व्हेरिएबलऐवजी पॅरामीटर म्हणतो. म्हणजे कोणत्या जागेवरची बंदी मोडली, ते एररमध्येच लिहिलेलं असतं. लाल रंग दिसला की घाईने कॉन्स्ट खोडून टाकणाऱ्यांनी आधी ती ओळ पूर्ण वाचावी.

आता एरर आलेल्या त्या दोन ओळी काढून टाका आणि एक ओळ बदला. वर `कॉन्स्ट इंट गुण = ६२` करा आणि पुन्हा कंपाइल करा. `क्यू`च्या ओळीवर आता वॉर्निंग येते, कॉन्स्ट क्वालिफायर डिस्कार्ड होतोय अशा अर्थाची. `&गुण` आता कॉन्स्ट इंटचा पत्ता आहे आणि तो तुम्ही साध्या `इंट *` प्रकारच्या पॉइंटरला देताय. जीसीसी ही फक्त वॉर्निंग देतो, प्रोग्राम बनतो आणि चालतोही, म्हणून मुलं तिच्याकडे बघत नाहीत. पण कॉन्स्टच्या बाबतीत ही वॉर्निंग एररइतकीच गंभीर धरावी.

बंदी वाटेवर असते, मालावर असेलच असं नाही

या मुद्द्यावर थोडं थांबू. कॉन्स्टबद्दलचे बरेचसे गैरसमज इथूनच निघतात.

```
इंट गुण = ६२;
कॉन्स्ट इंट *पी = &गुण;
गुण = ७०;
प्रिंटएफ("%डी\एन", *पी);
```

छापून काय येईल? ७०. एरर नाही, वॉर्निंग नाही. `पी`च्या डिक्लरेशनमध्ये ‘कॉन्स्ट इंट’ लिहिलं म्हणून `गुण` काही कॉन्स्ट झालं नाही. ते साधंच व्हेरिएबल आहे, त्याच्या मालकाला ते बदलायची पूर्ण मुभा आहे. बंदी एवढीच की `पी`च्या वाटेने आलात तर फक्त बघायचं.

सातबाऱ्याचं असंच असतं. ऑनलाइन उतारा काढून तुम्ही तो वाचू शकता, तिथून त्यात खाडाखोड करू शकत नाही. पण फेरफार मंजूर झाला की तोच सातबारा बदलतो, आणि पुढच्या वेळी उघडलात की नवी नोंद दिसते. तुम्हाला वाचनापुरतीच वाट होती, म्हणून नोंद कायमची गोठली असं होत नाही.

याचा एक परिणाम ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. पॅरामीटरला `कॉन्स्ट इंट *` लिहिलं की प्रोग्राम वेगात पळेल, अशी समजूत आहे. बहुतेक वेळा तसं होत नाही. मध्ये दुसरं एखादं फंक्शन बोलावलं, तर त्याने दुसऱ्या वाटेने तीच जागा बदलली असू शकते. म्हणून कंपायलरला `*पी` पुन्हा मेमरीतून वाचावा लागतो. व्हेरिएबल स्वतःच `कॉन्स्ट इंट गुण = ६२` असं बांधलं असेल तर मात्र त्याची किंमत बदलणार नाही हे गृहीत धरायची मोकळीक कंपायलरला मिळते.

त्याच मोकळिकीमुळे कास्टचा, म्हणजे प्रकार जबरदस्तीने बदलण्याचा, नियमही नीट कळतो. `*(इंट *)पी = ८०` असं लिहून बंदी ओलांडता येते. मूळ वस्तू साधी असेल तर भाषेच्या नियमाने हे चालतं, दिसायला वाईट असलं तरी. मूळ वस्तूच कॉन्स्ट म्हणून बांधलेली असेल तर हे अनडिफाइंड बिहेव्हिअर आहे, म्हणजे पुढे काय होईल याची भाषा कसलीच हमी देत नाही. प्रोग्राम कोसळेल, किंवा किंमत बदलल्यासारखी दिसेल आणि दुसऱ्या ओळीत जुनीच छापली जाईल, किंवा आज चालेल आणि ऑप्टिमायझेशन लावल्यावर मोडेल.

चौथी पायरी: फंक्शनचे पॅरामीटर

कॉन्स्टची खरी कमाई इथे आहे. बाकी काही नाही जमलं तरी एवढं आजपासून करा: फंक्शन पॉइंटर घेतं पण त्यामागचा माल बदलत नाही, तर पॅरामीटरला कॉन्स्ट लावा.

```
इंट नापास(कॉन्स्ट इंट *गुण, इंट किती)
{
    इंट संख्या = ०;
    फॉर (इंट आय = ०; आय < किती; आय++)
        इफ (गुण[आय] = ०)
            संख्या++;
    रिटर्न संख्या;
}
```

`इफ`मध्ये `==` ऐवजी `=` पडलं आहे. कॉन्स्ट नसता तर हा प्रोग्राम बनला असता (वॉर्निंग चालू नसल्या तर चकार शब्द न काढता), त्याने सगळ्या मुलांचे गुण शून्य केले असते आणि वर शून्य मुलं नापास असं सांगितलं असतं. कॉन्स्ट असल्यामुळे कंपायलर तिथेच अडवतो: रीड-ओन्ली लोकेशन. पॅरामीटरमध्ये एक शब्द लिहिल्याचा हा मोबदला.

साध्या पॉइंटरकडून कॉन्स्टकडे जाताना काही करावं लागत नाही. `इंट *` असलेला पत्ता `कॉन्स्ट इंट *` मागणाऱ्या फंक्शनला थेट देता येतो, कारण बंदी वाढवायला कुणाची हरकत नसते. उलट दिशेला मात्र वॉर्निंग येते. म्हणून कॉन्स्ट पॅरामीटरवाल्या फंक्शनला दोन्ही प्रकारचे पत्ते चालतात आणि कॉन्स्ट नसलेल्याला एकाच प्रकारचे. कॉन्स्ट विसरलात की तुमचं फंक्शन इतरांच्या कॉन्स्ट ॲरेवर वापरता येत नाही.

लायब्ररीतल्या फंक्शनचे प्रोटोटाइप वाचायलाही हेच लागतं. `स्ट्रकॉपी(कॅर *कुठे, कॅर कॉन्स्ट *कुठून)` याच्याकडे बघूनच कळतं की पहिल्या ठिकाणी लिहिलं जाणार आणि दुसरं जसंच्या तसं राहणार. ॲरे क्रमाने लावणाऱ्या क्यूसॉर्टला द्यायच्या तुलनेच्या फंक्शनला दोन्ही पॅरामीटर `कॉन्स्ट व्हॉइड *` असतात. तुलना करा, अदलाबदल क्यूसॉर्टवर सोडा, असा त्याचा अर्थ.

पॅरामीटरवरच `इंट *कॉन्स्ट गुण` लिहायचं का? बोलावणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, कारण पॅरामीटर ही त्याच्याकडच्या पत्त्याची नक्कल असते. हेडरमधल्या प्रोटोटाइपमध्ये तो उजवीकडचा कॉन्स्ट लिहिला किंवा गाळला तरी दोन्ही एकच धरले जातात. आत फंक्शन लिहिताना स्वतःला शिस्त म्हणून हवा तर लावा. मी हेडरमध्ये तो लिहीत नाही, वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही म्हणून.

पाचवी पायरी: दुहेरी अवतरणातली स्ट्रिंग

```
कॅर *नाव = "पुणे";
नाव[०] = '-';
```

जीसीसी मुकाट्याने कंपाइल करतो, आणि लिनक्सवर चालवलं की सेगमेंटेशन फॉल्ट. अवतरणातली स्ट्रिंग प्रोग्रामच्या वाचनापुरत्या भागात ठेवली जाते आणि ऑपरेटिंग सिस्टीम तिथे लिहू देत नाही. गंमत म्हणजे हाच प्रोग्राम टर्बो सीवर बहुधा सुरळीत चालतो, कारण डॉसमध्ये मेमरीला असं संरक्षणच नव्हतं. लॅबमध्ये टर्बो सीवर चाललेला प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर कोसळला, तर संशयितांत हा पहिला धरा. भाषेच्या नियमाने तो दोन्हीकडे चूकच आहे.

कंपायलर आधीच का सांगत नाही? याचं कारण इतिहासात आहे. डेनिस रिची यांच्या मूळ सी भाषेत कॉन्स्ट नव्हता. बेल लॅब्जमध्ये बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९८१ च्या सुमारास ‘रीडओन्ली’ नावाने ही कल्पना मांडली, पुढे ती कॉन्स्ट या नावाने १९८९ च्या अन्सी सी मानकात आली. तोवर जगभर लाखो ओळींचा सी कोड लिहून झाला होता आणि त्यात सगळीकडे `कॅर *नाव = "..."` होतं. तो मोडू नये म्हणून सीमध्ये अवतरणातल्या स्ट्रिंगचा प्रकार साधा `कॅर` ॲरेच ठेवला, पण ती बदलणं मात्र अनडिफाइंड ठरवलं. म्हणजे बंदी आहे, पण पाटी लावलेली नाही. खुद्द रिची यांनीही १९८८ साली मानक समितीला लिहिताना कॉन्स्टमुळे भाषा शिकायला जड होईल, त्या मानाने फायदा होईल का, अशी शंका काढली होती. इतक्या वर्षांनी बघता मला तो फायदा झाला असंच वाटतं, पण शिकणाऱ्याला तो जड जातो हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

पाटी आपण लावायची. अवतरणातली स्ट्रिंग पॉइंटरमध्ये ठेवायची असेल तर नेहमी `कॉन्स्ट कॅर *नाव = "पुणे";` लिहा. ती बदलायची असेल तर ॲरे घ्या, `कॅर नाव[] = "पुणे";`, म्हणजे तुमची स्वतःची नक्कल बनते. स्ट्रटोक वापरताना हे विशेष सांभाळा. ते फंक्शन दिलेल्या स्ट्रिंगमध्येच शून्य लिहून तुकडे पाडतं, त्यामुळे त्याला थेट अवतरणातली स्ट्रिंग दिली की प्रोग्राम गेलाच. आणि जीसीसीला `-डब्ल्यूराइट-स्ट्रिंग्स` हा पर्याय द्या. नेहमीच्या वॉर्निंग चालू करणाऱ्या डब्ल्यूऑलमध्ये तो सीसाठी येत नाही, वेगळा लिहावा लागतो. मग वरच्या पहिल्याच ओळीवर वॉर्निंग मिळते.

सहावी पायरी: स्ट्रक्टच्या आतला पॉइंटर

```
स्ट्रक्ट विद्यार्थी {
    इंट रोल;
    कॅर *नाव;
};

व्हॉइड छाप(कॉन्स्ट स्ट्रक्ट विद्यार्थी *वि)
{
    वि->रोल = ५;
    वि->नाव = एनयूएलएल;
    वि->नाव[०] = '-';
}
```

पहिल्या दोन ओळींवर एरर येते, तिसरीवर नाही. पुन्हा जागा मोजा. स्ट्रक्टच्या आत काय काय आहे? एक इंट आणि एक पत्ता. बंदी या दोघांवर आली, म्हणजे `नाव` हा सदस्य आता `कॅर *कॉन्स्ट` सारखा झाला. नावाची अक्षरं स्ट्रक्टच्या आत नाहीतच, ती दुसरीकडे कुठेतरी आहेत. तिथवर ही बंदी पोचत नाही.

याला सीमध्ये सरसकट इलाज नाही. अक्षरं कधीच बदलायची नसतील तर सदस्यच `कॉन्स्ट कॅर *नाव` असा बांधा. नाहीतर एवढं ध्यानात ठेवा की कॉन्स्ट एकाच पायरीपर्यंत जातो.

टाइपडेफ स्टार लपवतो

```
टाइपडेफ कॅर *मजकूर;
कॉन्स्ट मजकूर एस;
```

`एस` कोणत्या प्रकारचा? `कॉन्स्ट कॅर *` असं दहातले आठ जण म्हणतील. तो आहे `कॅर *कॉन्स्ट`. अक्षरं बदलता येतात, पॉइंटर बदलता येत नाही.

टाइपडेफ म्हणजे शब्दाच्या जागी शब्द चिकटवणं असा समज असतो, पण ते काम हॅश-डिफाइनचं. `मजकूर` हा एक पूर्ण प्रकार आहे आणि तो प्रकार पॉइंटर आहे. त्याला कॉन्स्ट लावला की पॉइंटरच कॉन्स्ट होतो. `मजकूर कॉन्स्ट एस` असं उलटं लिहून बघा, दोन्ही एकच आहेत आणि या रूपात अर्थ लगेच डोळ्यांना दिसतो. हेच नाव हॅश-डिफाइनने केलं असतं तर खरोखर शब्दच चिकटले असते आणि अर्थ `कॉन्स्ट कॅर *` असा झाला असता.

माझा सल्ला सरळ आहे, टाइपडेफमध्ये स्टार लपवू नका. लिनक्स कर्नेलची लेखनशैलीही पॉइंटरना टाइपडेफ करायला विरोध करते. स्टार दिसत राहिला की दुसऱ्या पायरीतला नियम सरळ लावता येतो.

सातवी पायरी: पॉइंटरचा पॉइंटर

हा भाग पहिल्या वाचनात जड वाटला तर सोडून द्या आणि महिन्याभराने परत या. पण तो समजला की कॉन्स्ट खऱ्या अर्थाने समजला.

`इंट *` चा `कॉन्स्ट इंट *` आपोआप होतो हे आपण पाहिलं. मग `इंट **` चा `कॉन्स्ट इंट **` का होत नाही? बंदी तर वाढतेच आहे! कंपायलर उगाच अडवतो असं वाटतं. तो का अडवतो ते कागदावर चौकोन काढून बघा.

```
कॉन्स्ट इंट पक्के = १०;
इंट *पी;
कॉन्स्ट इंट **पीपी = &पी;
*पीपी = &पक्के;
*पी = २०;
```

तिसरी ओळ चालू दिली असं धरू. चौथ्या ओळीत `*पीपी`चा प्रकार `कॉन्स्ट इंट *` आहे आणि `&पक्के`चाही तोच. ओळ एकदम निर्दोष. पण `*पीपी` म्हणजे दुसरंतिसरं काही नसून `पी` आहे. म्हणजे आता `पी`मध्ये `पक्के`चा पत्ता बसला. पाचवी ओळही निर्दोष, `पी` तर साधा `इंट *`. आणि तिने `पक्के` बदलून टाकलं. कुठेही कास्ट नाही, चौथी-पाचवी ओळ नियमात बसणारी, तरी कॉन्स्ट वस्तू बदलली. भोक तिसऱ्या ओळीत होतं, म्हणून भाषा तिथेच अडवते. जीसीसीच्या जुन्या आवृत्त्या ‘इनकम्पॅटिबल पॉइंटर टाइप’ अशी वॉर्निंग देऊन पुढे जायच्या. आवृत्ती १४ पासून ती एरर झाली, आणि ते बरं झालं.

मधल्या पातळीवरही बंदी घातली, म्हणजे `कॉन्स्ट इंट *कॉन्स्ट *पीपी`, तर चौथी ओळ लिहिताच येणार नाही आणि भोक बुजेल. सी++ हे ओळखतं आणि असं रूपांतर आपोआप करतं. सी करत नाही, तिथे कास्ट लिहावाच लागतो. युनिक्सच्या एक्झेकव्ही फंक्शनचा पॅरामीटर `कॅर *कॉन्स्ट एआरजीव्ही[]` असा विचित्र दिसतो त्याचं मूळ याच अडचणीत आहे. तो वाचून बघा: ॲरे, कॉन्स्ट पॉइंटरांचा, प्रत्येक पॉइंटर साध्या कॅरकडे. एक्झेकव्ही अक्षरंही बदलत नाही, पण तिथे कॉन्स्ट लिहिला असता तर लोकांकडचे साधे `कॅर *` चे ॲरे त्याला कास्टशिवाय देता आले नसते.

कॉन्स्ट हरवण्याची एक चोरवाट

```
कॉन्स्ट कॅर *तारीख = "१२-०५-२०२४";
कॅर *रेघ = स्ट्रसीएचआर(तारीख, '-');
*रेघ = '/';
```

कास्ट नाही, वॉर्निंग नाही, आणि चालवलं की कोसळतो. स्ट्रिंगमध्ये अक्षर शोधणारं स्ट्रसीएचआर `कॉन्स्ट कॅर *` घेतं आणि साधा `कॅर *` परत देतं. बदलता येणाऱ्या आणि न येणाऱ्या, दोन्ही स्ट्रिंगांवर एकच फंक्शन चालावं म्हणून ही तडजोड १९८९ पासून आहे. स्ट्रस्ट्र, मेमसीएचआर, बीसर्च यांचंही तसंच. सी२३ मानकाने ती सुधारली: कॉन्स्ट दिला तर कॉन्स्टच परत मिळेल. तुमच्या लायब्ररीत हा बदल आला असेलच असं नाही, तेव्हा कॉन्स्ट स्ट्रिंगमध्ये शोधलेलं उत्तर तुम्ही स्वतःच `कॉन्स्ट कॅर *` मध्ये घ्या.

मायक्रोकंट्रोलरवाल्यांसाठी

एआरएम कॉर्टेक्स-एम चिपवर ग्लोबल ॲरेला कॉन्स्ट लावला की तो सहसा फ्लॅशमध्येच राहतो आणि तेवढी रॅम वाचते. आर्डुइनो उनोवर तसं होत नाही. तिथल्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये रॅम फक्त २ केबी आहे, आणि प्रोग्रामची मेमरी वेगळ्या पद्धतीने वाचावी लागते. त्यामुळे नुसता कॉन्स्ट ॲरे रॅममध्ये येऊन बसतो. फ्लॅशमध्ये ठेवायला प्रोगमेम हा वेगळा शब्द लावावा लागतो.

स्टेटस रजिस्टर वाचताना `कॉन्स्ट व्होलटाइल` असे दोन्ही शब्द एकत्र दिसतील. विरोधाभास वाटतो, पण नाही. आपण लिहायचं नाही हे कॉन्स्ट सांगतो, हार्डवेअर मात्र कधीही बदलू शकतं हे व्होलटाइल सांगतं.

जुन्या प्रोग्राममध्ये कॉन्स्ट आणताना

सबमिशनचा तयार प्रोग्राम घ्या आणि त्यात कॉन्स्ट घालून बघा, सरावासाठी याहून चांगलं काही नाही. फक्त मेनपासून सुरुवात करू नका. वर एका ठिकाणी कॉन्स्ट लावला की तो खाली जिथे जिथे दिला जातो तिथे तिथे वॉर्निंग उभी राहते आणि माणूस वैतागतो. सगळ्यात खालची फंक्शन आधी घ्या, जी दुसऱ्या कुठल्या फंक्शनला पॉइंटर देत नाहीत: छापणारी, मोजणारी, शोधणारी. ती झाली की त्यांना बोलावणारी. असं वर चढत गेलात तर प्रत्येक टप्प्यावर प्रोग्राम स्वच्छ कंपाइल होत राहतो. `-डब्ल्यूकास्ट-क्वाल` हा पर्यायही लावून बघा. कास्ट करून कॉन्स्ट कुठे उडवला आहे ते तो दाखवतो.

या वाटेवर एक ठिकाण हमखास अडतं, फ्री. मॅलॉकने घेतलेली मेमरी `कॉन्स्ट कॅर *` मध्ये ठेवली असेल तर `फ्री(नाव)` वर वॉर्निंग येते, कारण फ्रीचा पॅरामीटर साधा `व्हॉइड *` आहे. `फ्री((व्हॉइड *)नाव)` असा कास्ट केला तर नियमाने तो बरोबर आहे, मॅलॉकची मेमरी मुळात कॉन्स्ट नसतेच. तरी त्याआधी एकदा बघा की मेमरी नेमकी कुणाची आहे. जो मॅलॉक करतो आणि फ्री करतो, त्याच्याकडे साधा पॉइंटर राहू द्या, आणि फक्त वाचायला लागणाऱ्या फंक्शनना त्याच पत्त्याची कॉन्स्ट वाट द्या. अशी मांडणी केली की बहुतेक ठिकाणी कास्ट लिहायची वेळच येत नाही.